भरलेले ठिपके

ठिपके तुम्ही भरलेत. नाही म्हणू नका. कानावर हात ठेवू नका, आणि “ते आमच्या अखत्यारीत येत नाही” हे तर मुळीच ऐकवू नका. ते वाक्य तुमच्या खिडकीतल्या बाईने काचेच्या भोकाला ओठ लावून मला आधीच ऐकवलंय. तुमच्या मदत खात्याच्या हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर जो भलामोठा पडदा टांगलाय, ज्यावर चार रंगांच्या ठिपक्यांचे पुंजके आणि खाली ‘आपली गरज, आपला गट’ असं लिहिलंय, ते चित्र माझ्या प्रोग्रामने काढलेलं आहे. तो प्रोग्राम तुम्ही घेतलात याबद्दल माझी तक्रार नाही. तो घ्यायलाच ठेवला होता. कुणीही यावं, फुकट न्यावा, उघडून आतला कोड वाचावा, हवा तसा बदलावा, म्हणून आम्ही तो चव्हाट्यावर मांडला होता. पण माझ्या चित्रात काही ठिपके पोकळ असतात. तुमच्या चित्रात एकही नाही. आणि पोकळ ठिपका आपला आपण भरत नाही. कुणाला तरी बसून भरावा लागतो.

मी तिथे चित्र बघायला आलेच नव्हते. ताईकडे दुपारी येणारी मदतनीस सोमवारपासून यायची बंद झाली, ती का, एवढंच विचारायला आले होते. ताई माझी थोरली बहीण. आम्ही दोघीच राहतो. तिला फिट येतात. रोज नाही, आठवड्यालाही नाही. महिनामहिना काही होत नाही, माणूस विसरूनसुद्धा जातं, आणि मग एखाद्या दुपारी ती हातात जे असेल त्यासकट आडवी होते. हातात कप असला तर कप, सुरी असली तर सुरी. तिला पडताना काही कळत नाही. मला मात्र कामावर बसल्याबसल्या सारखं कळत असतं. कुठे काही आपटलं की मी घरी फोन लावते. म्हणून ती मदतनीस. दुपारभर घरात एक माणूस, बस, एवढंच आमचं मागणं होतं, आणि ते तुम्ही दिलंही होतंत. खिडकीतल्या बाईने ताईचा नंबर टाइप केला, ओठ पुढे काढून वाचलं आणि म्हणाली, “गट दोन. स्वावलंबी. अहो, चांगलंच आहे की!” मी म्हटलं, “चांगलं काय त्यात? परवा ती बाथरूममध्ये पडली. कपाळाला टाके आहेत.” “परवाचं पुढच्या मोजणीत धरतील.” “गट कुणी ठरवला?” “कुणी नाही. सिस्टीमने.” “ही सिस्टीम कुणाच्या घरची? तिलाच बोलवा, मी तिच्याशी बोलते.” माझ्यामागे उभा असलेला म्हातारा खुदकन हसला. बाई हसली नाही. तिने पेनाचं टोक माझ्या खांद्यावरून भिंतीकडे रोखलं. “सगळे तिथेच आहेत, बघा. तुमच्या ताईपण असतील त्यात कुठेतरी.” मी वळले. हॉलमध्ये नुकतीच फरशी पुसली होती, तिचा तो औषधी वास नाकात गेला, डोक्यावरची दिव्याची नळी किरकिर करत होती, आणि समोर माझं पोर दुसऱ्याचे कपडे घालून उभं होतं.

ओळखायला वेळ लागला नाही. आमचा प्रोग्राम प्रत्येक गटाभोवती एक कुंपण काढतो. दोन गटांची कुंपणं जिथे एकमेकांना लागतात तिथे कोपऱ्यात एक बारीक खाच पडते. आकडे गोल करताना कुठेतरी चूक राहिली आहे, ती मला कधी सापडली नाही, पुढे पुढे मी शोधायचीही सोडून दिली. जगात दुसऱ्या कुणाच्या चित्रात ती खाच नाही. पोराच्या डोक्यावरची खोक आई जशी ओळखते तशी मी ती ओळखली. आणि पहिल्यांदा, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. एवढ्या मोठ्या भिंतीवर आपलं काम! मागच्या म्हाताऱ्याला सांगावंसंही वाटलं. मग मी पोकळ ठिपके शोधायला लागले. हिरव्यात नाही. पिवळ्यात नाही. हिरवं आणि पिवळं जिथे घासतं तिथे तर असायलाच हवेत. नाहीत. मी पडद्याच्या इतकी जवळ गेले की चित्र फुटून नुसते रंगीत चौकोन दिसायला लागले. एकूण एक ठिपका काठोकाठ भरलेला. रखवालदार आला आणि म्हणाला, “बाई, मागे व्हा, हात लावू नका.” हात लावू नका! माझ्याच चित्राला!

हे सगळं सुरू झालं फरश्यांपासून. मी फरशीच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. भट्टीतून एकाच मातीची, एकाच रंगाची फरशी निघते, पण एकीसारखी दुसरी नसते. आच थोडी इकडेतिकडे झाली की छटा बदलते. त्या छटा जुळवून एकसारख्या फरश्यांचे लॉट करावे लागतात, नाहीतर गिऱ्हाईकाच्या दिवाणखान्यात मधेच एक फरशी डाग पडल्यासारखी दिसते आणि त्याच्या शिव्या आमच्यापर्यंत येतात. पूर्वी हे नजरेने व्हायचं. मग छटा मोजायचं यंत्र आलं, आकडे आले, आणि आकडे आले की प्रश्न आला की यातले कुठले कुठल्यांच्या जवळचे. त्यालाच शिकलेले लोक क्लस्टर ॲनालिसिस म्हणतात. मी शिकलेली नाही. मी मागच्या दाराने आत गेले; कुणाचा कोड वाच, कुणाला विचार, चूक कर, परत कर. पण एक गोष्ट मला पहिल्याच महिन्यात कळली, ती अजून पुष्कळ शिकलेल्यांच्या गळी उतरत नाही. गट तिथे नसतात. आपण पाडतो. तीन म्हटलं तर तीन पडतात, सात म्हटलं तर सात. मशीन बिचारं नाही म्हणत नाही. आणि कितीही पाडा, मधे काही उरतातच, धड या घरचे ना त्या घरचे. कारखान्यात आम्ही त्यांना मधल्या म्हणायचो. मधल्या फरश्या कुणी विकत घेत नाही. त्या फोडतात.

कारखान्यात माझ्यासोबत एक इंजिनियर होता. खुर्चीत इतका ताठ बसायचा की सगळे त्याला काटकोन म्हणायचे. तो मला फरशी म्हणायचा. प्रोग्राम आम्ही दोघांनी लिहिला, रविवारी, आमच्या जेवणाच्या टेबलावर. कुंपणं मी काढली, ठिपके त्याने. ताई टेबलाच्या टोकाला मटार सोलत बसायची आणि आमची टिंगल करायची. “एवढे शहाणे दोघे, आणि दिवसभर टिकल्या लावताय!” एकदा मधल्यांवरून आमचं चांगलंच जुंपलं. काटकोनाचं म्हणणं, जो गट त्यातल्या त्यात जवळचा त्याचा रंग द्यायचा आणि मोकळं व्हायचं. मी म्हणत होते, तसं केलं तर बघणाऱ्याला खोटंच सांगितल्यासारखं होईल. ताई नुकती डॉक्टरकडून आली होती, कागदावर तिसऱ्यांदा ‘निश्चित निदान नाही’ असं लिहून घेऊन. तिने मटाराची एक रिकामी शेंग आमच्यापुढे टाकली. “मी धड आजारी नाही, धड बरी नाही. मला काय रंग देणार, काटकोनराव?” तो गोंधळला. “तुम्हाला कशाला रंग, ताई.” “मग नका देऊ. कड काढा आणि सोडून द्या.” ते आम्ही तसंच केलं. प्रोग्राम प्रत्येक ठिपक्याला विचारतो, बाबा रे, तू आपल्या गटाला जास्त जवळ का शेजारच्या? उत्तर धरसोडीचं आलं की ठिपक्याची नुसती कड काढतो, आत रंग घालत नाही. पुढे कितीतरी लोकांनी आम्हाला कळवलं की त्यांनी आमचा प्रोग्राम त्या पोकळ ठिपक्यांसाठीच घेतला. कुणी बेडकांच्या आवाजांचे गट पाडत होतं, कुणी तुटक्या मडक्यांचे. त्यांचे पोकळ बेडूक, पोकळ मडकी मी ताईला दाखवायची. ती म्हणायची, “आमची जमात वाढतेय.”

लायसन्सवरून आमचं भांडण झालं ते त्याहून मोठं. प्रोग्राम लोकांना द्यायचा यावर दोघांचं एकमत होतं. कुठल्या अटीवर, यावर नव्हतं. काटकोन म्हणायचा, काही अट नको, फक्त आपली नावं राहू दे. मी म्हणाले, नाही. कुणी बदल केले आणि बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला दिला, तर ते बदलही त्याला उघडे करून द्यायचे. आपण दार उघडं ठेवलं, तर आत येणाऱ्याने कडी लावायची नाही. “तुझा जगावर विश्वास नाही,” तो म्हणाला. मी म्हटलं, “नाहीच. तुझा आहे तर तू दाराला कुलूप न लावता झोपत जा.” शेवटी माझं खरं झालं. ती अट आम्ही शब्दन् शब्द किसून घेतली. फक्त चित्राचं काय, हे मी विचारलं तेव्हा काटकोन म्हणाला, “चित्र ज्याने काढलं त्याचं. सुरी करणारा कापलेल्या भाजीवर हक्क सांगतो का?” मला ते पटलं. फारच पटलं. सुरीवर आम्ही डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला. भाजीकडे दोघांनीही पाहिलं नाही.

त्या दिवशी तुमच्या हॉलमधून बाहेर पडले आणि चालत घरी आले. बस होती, पण बसमध्ये बसवेना. माणसं दिसत होती ती सरळ दिसेनात. फुटपाथवर दोन बायका एकमेकींचा हात धरून चालल्या होत्या. मला वाटलं, यांच्याभोवती आत्ता कुणीतरी कुंपण ओढलं असेल. चष्म्याच्या दुकानापुढे एक माणूस एकटाच उभा होता, त्याला कुठल्या रंगात ढकललं असेल? दिव्याच्या खांबावरचा कॅमेरा, दुकानातला तो हिशेबाचा टॅब, औषधवाल्याने ‘नंबर सांगा’ म्हणून मागितलेला फोन नंबर, हे सगळे एकमेकांशी बोलत असल्यासारखे वाटायला लागले. हे वेडेपणाचं लक्षण आहे हे मला कळतं. पण मला हेही कळतं की ज्याने सापळा तयार केलाय त्यालाच रस्त्यात सापळे जास्त दिसतात. घरी आल्यावर मी चपला न काढता संगणक उघडला. आमचा कोड जिथे ठेवलाय तिथे कुणी काय बदल केले ते दिसतं. बेडूकवाल्याचे दिसले, मडकीवाल्याचे दिसले. ठिपके भरल्याचा बदल कुठेच दिसला नाही. म्हणजे ज्याने केला त्याने आपल्या घरात दार लावून केला. मग पाळी आली ताईवर. ती आतल्या खोलीत टाके खाजवत पडली होती. मी दारात उभी राहून विचारलं, “ती मदतनीस दर आठवड्याला खात्याच्या मशीनमध्ये भरायला तुला काय विचारायची?” “कशी आहेस विचारायची.” “आणि तू काय सांगायचीस?” “बरी आहे.” “बरी आहे? दर आठवड्याला?” “मग काय बोंब मारू?” ताई उठून बसली. “ज्या दिवशी पडले त्या दिवशी पडले म्हणून सांगितलं. बाकीच्या दिवशी बरी होते म्हणून बरी म्हटलं. का गं? खोटं आजारी पडायचं होतं का मी?” माझ्या डोक्यात आकडे पडायला लागले होते. बरी, बरी, बरी, पडली, बरी, बरी. सरासरी काढली की ताई बरी. पार पिवळ्याच्या, म्हणजे गट दोनच्या, काठावर, पण पिवळी. आमच्या प्रोग्रामने तिला पोकळ ठेवलं असतं. कुणीतरी माणसाने ‘हिचं बघावं लागेल’ म्हटलं असतं. तेवढ्यासाठीच तर ती कड होती. आणि हे मला सुचलं तेव्हा माझा संशय फिरत फिरत जिथे जायचा तिथेच गेला. ठिपके कुणाच्या भागात होते? काटकोनाच्या.

काटकोन कारखाना सोडून एका कंपनीत गेला होता. सरकारी खात्यांना सिस्टीम करून देणारी कंपनी. मी तिथे गेले. खाली कॅन्टीन, ट्रे आपटल्याचे आवाज, ओल्या फडक्याचा वास, आणि गळ्यात पट्टा अडकवलेला काटकोन, अजून तितकाच ताठ. “बोल, फरशी! किती दिवसांनी!” मी बसायच्या आधीच विचारलं, “ठिपके कुणी भरले?” “पाणी तरी पी.” “कुणी भरले?” “मी,” तो म्हणाला. इतक्या सरळपणे, की मी घरापासून घासून आणलेली सगळी शस्त्रं हातातच राहिली. “बस,” तो म्हणाला. “ऐक तरी. खात्यातले लोक मला म्हणाले, साहेब, हे पोकळ म्हणजे काय? याच्या घरी बाई पाठवायची का नाही पाठवायची? अर्धी बाई पाठवता येत नाही गं. बेडकाला पोकळ ठेवलं तर चालतं, बेडूक अर्ज करत नाही.” “म्हणून भरलेस?” “जवळच्या रंगाने. आपला जो पहिला वाद झाला होता ना, तेच.” “तो वाद तू हरला होतास.” “टेबलावर हरलो होतो,” तो म्हणाला आणि हसला, आणि त्या हसण्याने माझ्या अंगाची लाही झाली. “बदल दाखव,” मी म्हटलं. “आपल्या अटीप्रमाणे दाखवावाच लागेल.” त्याने चमचा ट्रेला समांतर लावला. “कुणाला? ज्याला प्रोग्राम दिला त्याला. तो मी खात्याला दिला, त्यांना कोडही दिला. सगळं अटीप्रमाणे. तुला प्रोग्राम कुणी दिला? तुला भिंतीवर चित्र दाखवलं. चित्राला अट नाही.” “तुझंच वाक्य ते.” “आणि तू मान डोलावली होतीस.” त्याच्या मागच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस चालला होता, टाळ्या वाजत होत्या. हे त्याने तेव्हाच योजलं होतं का? इतक्या वर्षांपूर्वी, मटाराच्या सालांमध्ये बसून? मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. योजलं नसावं. पण ‘नसावं’ यावर मला आता चालता येईना.

मग मी ताईचं सांगितलं. तो खरंच हादरला. ते मी नाकारणार नाही. तोंडावर हात फिरवत म्हणाला, “ताई त्यात आहेत? मला कसं कळणार गं. ठिपक्याला नाव नसतं.” त्याने इकडेतिकडे पाहिलं, खुर्ची पुढे ओढली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी काटकोन वाकलेला पाहिला. “नंबर दे त्यांचा. काठावरच असतील. एक आकडा इकडचा तिकडे केला की तिसऱ्या गटात. बाई सुरू होईल. कुणाला पत्ता लागणार नाही.” माझ्या जिभेवर नंबर आला होता. तो आत ढकलून मी विचारलं, “आणि तिसऱ्या गटातून कोण बाहेर जाईल?” “म्हणजे?” “मदतनीस बायका किती, ते ठरलेलं असेल ना?” तो परत ताठ झाला. “असेल कुणीतरी काठावरचा.” “कोण?” “सांगितलं ना, ठिपक्याला नाव नसतं.” मी उठले. नंबर दिला नाही. तत्त्वासाठी दिला नाही असं मी जिना उतरताना स्वतःला सांगत होते. बाहेर ऊन डोळ्यांत गेलं तेव्हा वाटलं, तत्त्व कसलं, याच्यापुढे हात पसरायचा नव्हता म्हणून दिला नाही. दोन्हींतलं खरं कुठलं ते मला ठरवता आलं नाही. अजून येत नाही.

ताईला मी सगळं सांगितलं. न सांगून काय करणार, एका भिंतीआड राहतो. मला वाटलं होतं ती काहीतरी ताईसारखं बोलेल, टिंगल करेल, काटकोनाची सालं काढेल. ती म्हणाली, “मग घे की.” “अगं, दुसऱ्या कुणाची तरी बाई बंद होईल.” “कुणाची?” “माहीत नाही.” “माहीत नाही त्याच्यासाठी तू मला एकटी ठेवणार?” “ताई, तसं नाही. ते ठिपके असे गपचूप इकडून तिकडे...” “ठिपके गेले खड्ड्यात!” ती ओरडली. तिच्या कपाळावरचा टाका ताणला गेला, मला भीती वाटली तुटेल. “तुझं तत्त्व बाथरूममध्ये पडत नाही. मी पडते. डोळे उघडतात तेव्हा तोंडात रक्ताची चव असते आणि घरात कुणी नसतं. मी किती वेळ पडले होते तेही सांगायला कुणी नसतं. तुला ते माहीत आहे का? नाही. तू तुझ्या फरश्या मोजत असतेस.” तिने आत जाऊन दार लोटून घेतलं. कडी लावली नाही. कडी लावायची तिला परवानगी नाही, ती पडली तर दार उघडता यायला हवं म्हणून. रागावून दार बंद करायचं सुखसुद्धा त्या बाईला नाही, हे मला तेव्हा, त्या अर्धवट दाराकडे बघताना कळलं. इतकी वर्षं एका घरात राहून.

पुढचे काही दिवस मी रजा टाकून घरी बसले. बसले म्हणजे ताईवर पाळत ठेवली. ती स्वयंपाकघरात गेली की मी पाणी प्यायच्या निमित्ताने मागे. तिला ते कळायचं आणि ती मुद्दाम हळू चालायची. कारखान्यातून साहेबांचा फोन आला, आवाज गोड, म्हणजे काळजीचं कारण. शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, “बसेन हो, पण ते तोंडातून फेस वगैरे मला बघवत नाही.” काटकोनाला फोन करायचा म्हणून मी कितीदा तरी फोनवर त्याचं नाव काढलं आणि फोन परत ठेवला. आणि मग एका सोमवारी मी कामावर जावं की नको या विचारात उंबऱ्याशी उभी असताना बेल वाजली. दारात मदतनीस. तीच, पिशवी सावरत, घामाघूम. “काय, ओळख विसरलात का? सरका, आत तर येऊ द्या!” मी सरकले. मागून ताईचा आवाज आला, “मी फोन केला होता काटकोनाला. नंबर माझा आहे. मी दिला.” मी वळून पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती आणि माझ्याकडे अशी बघत होती, की मी आता एक शब्द बोलले असते तर आम्ही पुन्हा बहिणी झालो नसतो. मदतनीस चपला काढताकाढता सांगत होती, तिला बोलायची सवयच आहे. “मला तर बाई सकाळपर्यंत पत्ता नाही. निघाले होते शिंपीकाकांकडे. खात्याचं मशीन उघडलं तर त्यांचा पत्ता गेलेला आणि तुमचा आलेला. म्हटलं, हे काय? वाईट वाटलं हो. हात इतके कापतात त्यांचे, कप तोंडाशी नेईपर्यंत अर्धा सांडतो. मी धरायची. शिंपी माणूस, त्याला किती लाज वाटायची. पण कधीकधी हात आपोआप थांबायचे, मग मला म्हणायचे, बघ, आज सुई ओवून दाखवतो. त्या दिवशी बरे असायचे.” मी विचारलं, “त्यांच्याकडे आता कोण जातं?” ती म्हणाली, “मला कुठे सांगतात? एकदा पत्ता गेला की गेला.” मी पत्ता मागितला. तिने जीभ चावली. “अहो, नोकरी जाईल माझी.” मग तिने ताईला हाताला धरून खुर्चीत बसवलं. ताईने डोळे मिटले आणि एक श्वास सोडला, असा लांब, की गेले कित्येक दिवस तो तिने धरून ठेवला असावा. आणि मी कामावर गेले.

हो, गेले. दिवसभर फरश्या मोजल्या. काही आपटलं तरी घरी फोन लावला नाही. हे मी तुम्हाला सांगतेय कारण तुम्ही मला उलट हेच ऐकवणार: बाई, तुमच्या ताईंची सोय झाली ना, मग आता कशाला आरडाओरडा? ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी इच्छा नाही. ताईची मदतनीस काढून घ्या असं मी म्हणणार नाही. तेवढी मी मोठी नाही, आणि तुम्ही काढायला आलात तर दारात आडवी पडेन. चित्रावर माझा हक्क नाही, तेही मान्य. बदललेला कोड मागायचा हक्क नाही, तेही काटकोनाने कायद्याने पटवून दिलंय. मी हक्काने मागतच नाही. मी फक्त विचारतेय. कारण चित्र माझ्या प्रोग्रामने काढलं, हात काटकोनाचा फिरला, फोन ताईने केला, दार मी उघडलं, आणि तरीही त्या माणसाचा पत्ता फक्त तुमच्याकडे आहे. ‘सिस्टीमने ठरवलं’ म्हणू नका. ती सिस्टीम आमच्या जेवणाच्या टेबलावर लहानाची मोठी झालीय, तिला किती कळतं ते मला ठाऊक आहे. ‘माहिती गोपनीय आहे’ म्हणू नका. मला त्यांचं नाव नको, रोग नको, गट नको. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. त्यांचं घर वर आहे की तळमजल्यावर, दाराला बेल आहे की कडी वाजवावी लागते, काही मला माहीत नाही. पण दुपार झाली की मी कारखान्यात बसून त्या घरात असते. चहा झालेला असतो, कप टेबलावर असतो, आणि ते त्याच्याकडे बघत असतात. उचलू की नको. मोजणी कधी होईल, पुढच्या मोजणीत काय धरतील, ते नंतर बघा. आज दुपारी तो कप कुणी धरला? कुणीच नसेल, तर ‘कुणीच नाही’ असं लिहा, खाली सही करा, आणि ते त्या मोठ्या पडद्यावर लावा. त्या घरी आता कोण जातं? सांगा.